नूरीनच्या पत्रातला मधला रकाना

आमच्या ह्यांनी तेहतीस वर्षांत माझ्या पुरणपोळीला 'बरी झालीय' याच्या पलीकडे काही म्हटलेलं नाही. हे, डॉ. मधुकर, मेडिसिनचे प्रोफेसर. स्वतः विद्यापीठात पहिले आले तेव्हा शंभरात त्रेसष्ट मार्क होते. तेव्हापासून पासष्टच्या वर मार्क म्हणजे तपासणाऱ्याची चूक, असं ठाम मत. मुलं त्यांना घाबरतात. मीही घाबरते; पण आजच्यासारखी कधी घाबरले नव्हते.

गेल्या आठवड्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, स्क्रीनकडे बघायचं नाही. म्हणून सकाळची पूजा आटोपून मीच लॅपटॉपपुढे बसले. नूरीन उरणची, दोन वर्षं ह्यांच्या वॉर्डात काम केलेली. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पुढच्या ट्रेनिंगच्या जागेसाठी अर्ज करतेय. तिकडे शिफारसपत्राचा सगळ्यांना एकच ठरलेला फॉर्म. आजवर पाहिलेल्या डॉक्टरांत ही कुठे बसते? वरच्या दहा टक्क्यांत, वरच्या एक-तृतीयांशात, मधल्या की खालच्या? त्या रकान्यात खूण करायची. ती खूण उमेदवाराला कधीच दिसत नाही.

"मधल्यात टाक," हे म्हणाले.

मी माउस हलवला नाही. परवाच नूरीन आली होती. स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "काकू, मधल्या रकान्यात खूण असली ना, तर तिकडे इंटरव्ह्यूलापण बोलवत नाहीत. सरांना सांगू नका हां मी बोलले ते. पत्रच देणार नाहीत."

खरंच दिलं नसतं. वशिल्याचा वास आला की हे उठूनच जातात. सांगावं तर पोरीचं पत्र जाणार, गप्प बसावं तर जागा जाणार. आणि एक तिसरंही मनात आलं, लिहायला लाज वाटते. ह्यांना कुठे दिसतंय? वरच्या रकान्यात क्लिक केलं तर कोण बघणार? बाण तिथवर नेलाही. समोर दत्तगुरूंची तसबीर. हात मागे घेतला.

"केलंस का?"

"करते. अहो, अगदी वरच्या रकान्यात आजवर किती जणांना टाकलंत?"

"कुणालाच नाही."

"आणि उद्या मला छातीत दुखायला लागलं तर वॉर्डातून कुणाला बोलवाल?"

"नूरीनला. हा काय प्रश्न झाला?"

"एवढ्या सगळ्यांतून?"

ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. काळ्या चष्म्याआड काही कळेना. आता विचारणार, तुला हे कुणी शिकवलं?  मनातल्या मनात नाम घेत राहिले.

"तो प्रश्न परत वाच."

वाचला. 

"पाहिलेल्यांत, असं आहे होय. मी पेपर तपासल्यासारखे मार्क देत होतो." मग म्हणाले, "वरच्या तृतीयांशात टाक. दहा टक्क्यांत नको, तिथे मी स्वतःपण बसत नाही."

खूण केली, पाठवलं. आता बदल करता येणार नाही, असं स्क्रीनवर आलं.

दुपारी नूरीनचा फोन. "काकू, गेलं का पत्र?"

"गेलं."

"कुठल्या..."

"ते विचारू नकोस बाळा."

"बरं, काकू," म्हणाली, इतक्या बारीक आवाजात की तिने वाईटच धरलंय हे मला कळलं. तरी सांगता आलं नाही. ती खूण ह्यांनी विश्वासाने माझ्या हातून करवली होती. वरचा तृतीयांश तरी पुरेल का, देव जाणे. निकाल मार्चमध्ये.