सहदेव कोळंबे यांची बिनकामाची फौज

दहिवलीच्या सहदेव कोळंब्यांच्या मालकीचं एक राज्य आहे. राज्य लॅपटॉपमध्ये आहे आणि लॅपटॉप भात चाळायच्या चाळणीवर. चाळण दोन विटांवर उपडी ठेवलेली, आणि खालून छोटा पंखा वर वारा मारतो. मशीन तापलं की कामचुकार होतं, हे ज्ञान सहदेवांनी साजगावच्या कारखान्यात नोकरीभर मिळवलं, त्यामुळे लॅपटॉपला वारा लागतो हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. फक्त ती चाळण बायकोची, मोतीबाईंची, आहे हे सांगावं लागलं. ते मोतीबाईंनी सांगितलं, आणि अजूनही सांगतात.

लॅपटॉप मुळात त्यांच्या मुलीचा, समीक्षाचा. ती कॉलेजात असताना घेतलेला. ती पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तो मागे राहिला आणि त्यात एक खेळही राहिला. रिकामा नकाशा मिळतो, त्यात गावं वसवायची, रस्ते काढायचे, सैन्य उभारायचं आणि शेजाऱ्याचं राज्य घ्यायचं. निवृत्त माणसाला याहून सोयीचा उद्योग कुठला? सहदेवांनी राजधानीला दहिवली नाव दिलं. साजगावाला डोंगर मिळाला. प्रत्यक्षात समुद्रापासून लांब असलेलं खालापूर इथं नेमकं समुद्रकाठी वसलं, तर तिथं बंदर काढून मोकळे झाले. तहसील कचेरीच्या दारात लाटा येतात, याचा त्यांना फार आनंद.

शेजारचं राज्य जलालभाईंचं. जलालभाई सहदेवांचे कारखान्यातले सोबती. दर रविवारी ते खोपोलीहून येतात. एकाने आपली खेळी करायची, चाळणीसकट लॅपटॉप दुसऱ्याकडे फिरवायचा आणि चहाला लागायचं. जलालभाईंच्या राजधानीचं नाव अख्तराबाद. रविवारी घराबाहेर पडायची परवानगी बायकोकडून, अख्तरुन्निसाकडून, मिळवण्यासाठी हे नाव ठेवलं असं ते सांगतात. तिला अजून तो खेळ दाखवलेला नाही, कारण अख्तराबादला दोनदा आग लागली आहे. ज्याची राजधानी पडेल तो हरला, असा दोघांचा करार.

गेल्या पावसाळ्यात सुरू केलेला हा डाव संपेचना. राज्यं वाढली तसा लॅपटॉप धापा टाकू लागला. एकेक खेळी झाली की पडद्यावर चक्र फिरायला लागे आणि फिरतच राही. तेवढ्यात चहा व्हायचा, कांदेपोहे व्हायचे, जलालभाईंची झोपही व्हायची. आतल्या पंख्याचा आवाज गिरणीसारखा. दोनचार खेळ्यांत रविवार मावळायचा.

आधी सहदेवांना याची घाई नव्हती. मग एका रविवारी जलालभाईंनी सांगितलं की मुलाची, हुजैफाची, रत्नागिरीला बदली झाली आहे, आणि महिनाअखेर ते आणि अख्तरुन्निसा त्याच्याकडे कायमचे राहायला जाणार.  दुसऱ्या दिवशी सकाळीच सहदेवांनी समीक्षाला फोन लावला. जलाल जायच्या आत हा डाव संपवायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पुढचे काही दिवस पुणे आणि दहिवली यांच्यात फोनवरून मोठं कामकाज चाललं. समीक्षाने ढगांच्या सावल्या बंद करायला लावल्या. पाण्याच्या लाटा बंद करायला लावल्या, तेव्हा खालापूरचं बंदर थिजलं आणि सहदेव दिवसभर जेवणावर रुसले. चित्र लहान आणि जाडंभरडं केल्यावर घोडा आणि गाय यांतला फरक मिटला. मागे उघडी ठेवलेली मोतीबाईंची लोणच्याची चित्रफीत बंद झाली. चार्जर लावलेलाच ठेवायचा आणि वीज वाचवायची लॅपटॉपची सवय मोडायची, हेही झालं. शेवटी खालापूरच्या दुकानात त्याची जुनी डिस्क बदलून नवी बसवली. पूर्वी लॅपटॉप उघडेपर्यंत मोतीबाईंची भाकरी भाजून निघायची, आता तवा तापायच्या आत उघडायला लागला. सहदेवांनी ही बातमी अर्ध्या दहिवलीला सांगितली.

रविवारी जलालभाई बसले, सहदेवांनी ऐटीत खेळी केली, आणि चक्र पूर्वीसारखंच फिरत बसलं. माणसाने नवीन बूट घ्यावेत आणि गुडघे तेच असावेत, तशी गत.

त्यानंतरचा रविवार जलालभाईंचा शेवटचा. त्या दिवशी समीक्षा स्वतः आली. बापाशेजारी मांडी घालून बसली, नकाशा फिरवत राहिली आणि एका जागी थांबली. दहिवलीच्या बाहेरच्या माळावर भालेवाले, गोफणवाले, बैलगाड्यावाले यांची ही गर्दी.

"बाबा, ही सगळी माणसं इथं काय करतायत?"

"उभी हायेत."

"कधीपासून?"

"कामाला लागल्यापासून."

समीक्षाने नीट समजावून सांगितलं. तोफा, बंदुका आल्यावर भालेवाल्यांना काम उरलेलं नाही. तरी प्रत्येक खेळीला लॅपटॉप त्या प्रत्येकाकडे जातो, तुला काय दिसतंय, तू कुठे जाऊ शकतोस, याचा हिशेब करतो. सगळा वेळ तिथं जातो. सावल्या बंद करून काही होणार नाही. एक बटण दाबायचं, की माणूस घरी. दाबलं की मशीन पळेल.

"नाय," सहदेव म्हणाले.

"का पण?"

"बसलेत गुमान. कुनाचं खात नायत."

मोतीबाई उठून आत गेल्या. समीक्षाला कळेना, पण घरातल्या बाकी सगळ्यांना कळलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी साजगावच्या त्या कारखान्याचा एक विभाग बंद झाला. साहेबलोकांनी सहदेवांना बोलावलं. तुम्ही सुपरवायझर, माणसं तुमचं ऐकतात, तेव्हा त्यांना तुम्हीच सांगा, असा हुकूम. पाळी सुटताना सहदेव गेटावर उभे राहिले आणि येणाऱ्या एकेकाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगत राहिले. त्यात जलालभाई होते. सहदेवांची नोकरी टिकली. त्यांच्यासारखा बडबड्या माणूस, कढीला उकळी कशी आणावी यावरही व्याख्यान देणारा, पण त्या रात्री मोतीबाईंना एकदा सांगितल्यावर त्या संध्याकाळबद्दल त्यांच्या तोंडून पुन्हा कधी अवाक्षर निघालं नाही. मधे काही वर्षं दोघांची गाठ नव्हती. मग जलालभाई पावाचा टेंपो घेऊन दहिवलीत यायला लागले, सहदेव गरजेपेक्षा बरेच जास्त पाव घ्यायला लागले, आणि ते पाव खाऊन खाऊन मोतीबाईच म्हणाल्या की त्या माणसाला घरात तरी बोलवा.

जलालभाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"सहदेव, मला काढलास तवा येवढा इचार नव्हता केलास रं."

 समीक्षाने हात मांडीवर घेतले.

"मी नाय काढला," सहदेव म्हणाले. "मला सांगायला लावलं."

"तेच बोलतो मी. हितं तुला कोन सांगतो? राजा तू, साहेब तू, सुपरवायझर पन तूच. नि घरी गेलेला मानूस मरत नाय. मी काय मेलो? टेंपो चालवला, पोरं शिकली. तुझ्या घरचा चहा पितोय, साखर कमी हाय ती सोड."

 सहदेवांनी होकारार्थी मान हलवली, पण अट घातली. उभ्या जागी कुणाला काढायचं नाही. गेटावर तर नाहीच. जो सैनिक ज्या गावात तयार झाला, त्याला त्या गावापर्यंत पोचवायचा आणि मग बटण दाबायचं. समीक्षाने कपाळाला हात लावला. लॅपटॉपचा ताण कमी करायचा म्हणून ज्यांना घालवायचं, त्या सगळ्यांनाच आधी चालायला लावायचं! शिवाय निम्म्यांची वाट अख्तराबादच्या हद्दीतून जाणारी. जलालभाईंनी दाढी खाजवली, तह केला आणि दोन्ही बाजूंनी हद्द उघडली.

मग ती वरात निघाली. साजगावचे साजगावला, खालापूरचे थिजलेल्या समुद्राकाठी. गावात माणूस पोचला की सहदेव क्षणभर थांबायचे, ओठांत काहीतरी पुटपुटायचे आणि बटण दाबायचे. जेवणं झाली, समीक्षाची डुलकी झाली. माळ रिकामा होत गेला तसं चक्र कमी कमी फिरायला लागलं. शेवटचा बैलगाडीवाला घरी गेला आणि पंख्याची गिरण बंद पडली. खेळी केली की पुढची हजर. सहदेव लहान पोरासारखे हसले आणि लॅपटॉप जलालभाईंकडे फिरवला.

जलालभाईंनी चष्मा पुसला. तह मोडला, उघड्या हद्दीतून आपल्या तोफा सरळ आत घातल्या आणि पुढच्या खेळीला, सहदेवांच्या तोफा लांब बंदरावर आणि माळावर आडवं यायला कुणीच नसल्यामुळे, दहिवली घेतली. लॅपटॉप कुठेही अडला नाही.

"जलालकाका, हा दगा आहे," समीक्षा म्हणाली.

"डाव संपवायचा व्हता ना? संपवला."

सहदेव रागावले नाहीत. त्यांनी लॅपटॉप मिटला, चाळण उचलून मोतीबाईंना आत नेऊन दिली, आणि परत येऊन जलालभाईंच्या समोर बसले. दोघांच्या मधे आता काही नव्हतं.

"त्या दिवशी घरी जाऊन काय सांगितलंस वहिनीला?" त्यांनी विचारलं.



"सुट्टी हाय म्हनून सांगितलं. ईद येईपर्यंत सुट्टीच सांगत व्हतो. सकाळी डबा घेऊन निघायचो, खोपोलीच्या तळ्यावर बसून खायचो."

"नि तिला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. तुझी मोतीबाई सांगून गेली व्हती."

सहदेवांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आत चाळण भिंतीला टांगल्याचा आवाज आला, आणि मोतीबाईंनी विचारलं की जलालभाई आता रात्रीचं जेवूनच जातील ना.