त्रेसष्ट सालचे सिनेमे

सावित्रीचे आवडते सिनेमे सगळे एकाच सालचे होते. त्रेसष्ट सालचे. त्यातला एकही तिने पाहिला नव्हता.

पाहिले होते तिच्या नवऱ्याने, काळूरामने. नवघरच्या मिठागरात तो कामाला होता. सुट्टी मिळाली की बोरिवली गाठायचा, सिनेमा बघायचा आणि संध्याकाळी ओटीवर बसून बायकोला सांगायचा. सावित्री बोंबील साफ करत ऐकायची. तिच्या मांडीला खेटून तीन वर्षांची आशा. काळूराम नायकाचं बोलायचा, नायिकेचं बोलायचा, खलनायकाचं तर घसा खरवडून बोलायचा. गाणी आख्खी म्हणायचा. शेजारची गोदूबाई कुडापलीकडून ओरडायची, "काल्या, जरा जोरान बोल. फुकटचा शिनेमा मना पन ऐकू दे!"

सिनेमांची नावं सावित्रीच्या लक्षात राहत नसत. तिने आपली ठेवली होती. पुलावरचा. कोर्टाचा. टांगेवाल्याचा. त्यातल्या पुलावरच्यावर तिचा फार जीव. तसं साल पुन्हा आलं नाही, असं ती म्हणायची.

पुन्हा येणार कुठून? त्याच साली, पाऊस सरल्यावर, आशा गेली.

सावित्री भाजी विकायला भाईंदरच्या बाजारात गेली होती. पोर बापाजवळ बांधावर होती. भरतीचं पाणी मिठागरात घेतात त्या दाराशी ती पाण्यात पडली. "मी तिच्याकरंच बघत व्हतो," काळूराम येईल त्याला सांगत होता. "पापनी लवली आनि पोर गेली." त्याने उडीही टाकली होती, पण बांधाच्या दुसऱ्या अंगाला, घोटाभर पाण्यात. बापाचं भान सुटलं, माणसं म्हणाली.

मग तो रडत राहिला. शिमग्यापर्यंत त्याची नजर पार गेली. पोरीसाठी रडून रडून डोळे घालवले, हे गावात पक्कं झालं. बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. रस्त्यात माणसं बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. सावित्रीने मिठाच्या पाट्या डोक्यावर घेतल्या. त्याला हाताला धरून न्यायची, काटे काढून मासा भरवायची. पोर तुझ्या हवाली केली होती, असं तिने इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही. ज्याने पोरीपायी डोळे दिले, त्याला आणखी काय बोलायचं?

पुढे नवघरात इमारती उठल्या. समोरच्या इमारतीत रत्नागिरीकडचं एक कुटुंब आलं. त्यांच्या सुलूशी काळूरामची गट्टी जमली. ते सगळे सिनेमे त्याने तिलाही ऐकवले. त्यांच्याकडे टीव्ही आला. एका रविवारी सुलू धावत आली.

"काकी, चला! आज तो लागतोय. काकांचा पुलावरचा!"

खोली माणसांनी भरली होती. काळूरामला खुर्ची दिली. सिनेमा सुरू झाला आणि तो नटांच्या आधी वाक्यं बोलू लागला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"काका, तुम्हीच लिहिलाय की काय?" कोणीतरी म्हणालं. काळूराम खूश होऊन मान हलवत होता.

सावित्री बघत होती. तिच्या सिनेमात नायकाचा बाप जाडजूड, दाढीवाला होता. इथे तो काडीसारखा. असू दे, तिने मनात म्हटलं. मग तिला एक मुलगी दिसली. सात-आठ वर्षांची. नायक जेवत होता, ती त्याच्या ताटाशी बसली होती. पुढे दाराआड उभी होती. पुलावर नायकाचं बोट धरून चालली होती. हिच्याबद्दल काळूराम कधीच बोलला नव्हता.

"सुलू, ही पोर कोन गं?"

"हिरोची बहीण, काकी. मुकी आहे ती, तिच्याशी खुणांनीच बोलतात. सगळं तिच्यासाठीच तर चाललंय."

"कोन बहीन?" काळूराम म्हणाला. "त्याला बहीन न्हाय. एकलाच हाय तो."

सगळे हसले. "काका, सिनेमा बघितलात की झोपा काढल्यात?"

सावित्री हसली नाही. तिला ते साल आठवत होतं. मिठाच्या चकाकीने आगरातली सगळीच माणसं डोळे बारीक करून चालायची. त्यात एकाचं कोण बघतंय? बांध त्याच्या पायांना पाठ होते. आणि पोर जवळ असली की तो तिला सारखा म्हणायचा, गानं म्हन आशा, थांबू नको. केवढी हौस बापाला, असं तेव्हा तिला वाटायचं.

घरी आल्यावर तिने दार लावलं.

"त्रेसष्टला तुला दिसत व्हतं का?"

तो चाचपत खाली बसला.

"मी इचारते हाय."

"उजेड दिसायचा," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर मुकादमान दुसऱ्या दिशी काढला असता. बोरिवलीला बरं वाटायचं. थेटरात सगलेच अंधारात बसतात."

"आनि आशा?"

त्याने पाठ टेकायला हाताने भिंत शोधली.

"गात व्हती तवर मना ठाव व्हतं, कुठं हाय ती," काळूराम म्हणाला. "मंग गप झाली."

सावित्रीने गोदूबाईला सांगून पाहिलं. गोदूबाईने कानांवर हात ठेवले. "देवमानसाला असं बोलतेस? जीभ झरंल तुझी."

त्यानंतर सावित्रीने कोणाला काही सांगितलं नाही. काळूरामचं सगळं ती करत होती. वाढत होती, अंघोळीचं पाणी काढत होती. बाजारात बोलायची, सुलूशी बोलायची. घरात मात्र एक शब्द नाही.

पुढच्या रविवारी समोरून गाण्याचा आवाज आला. काळूराम ओटीवर कान देऊन बसला.

"कोर्टाचा वाटतो," तो म्हणाला. "जायचं का?"

त्याने मान वळवली.

"सावित्री? हायस का?"

त्याने हात पुढे केला आणि हवेत चाचपला. ती हाताच्या अंतरावर बसली होती. तिने बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सारल्या आणि मागे सरकली.