क्लचप्लेटचा कौल

आमची गाडी आमच्याकडे येण्याआधी टॅक्सी होती. आधीच्या मालकाने पांढरा रंग फासून ती विकली, पण दाराचं रबर जरा बाजूला केलं की आतला पिवळा रंग दिसायचा. गिरणी बंद पडल्यावर बाबांच्या हातात जे काही आलं ते त्यांनी या गाडीत घातलं आणि दहिसरच्या नव्या इमारतींतली पोरं बोरिवलीच्या शाळेत सोडायला लागले. माझी अंधेरीतली टायपिस्टची नोकरी आणि ही शाळेची पोरं, यांच्यावर आमचं तिघांचं घर चालायचं.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर क्लच गेला. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकायची. वर जळका वास. शेवटच्या दिवशी मागच्या सीटवरच्या एका कार्ट्याने "अंकल, आम्ही उतरून ढकलू का?" असं विचारलं. बाबांनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसले, ते हसले नाहीत. सुट्टी संपायच्या आत गाडी धड व्हायलाच हवी होती, कारण शाळेच्या फाटकापाशी एक व्हॅनवाला आमच्या पोरांच्या आयांशी फारच गोड बोलायला लागला होता.

मला यात विचार करण्यासारखं काही दिसतच नव्हतं. आमच्या साहेबांची गाडी वाकोल्याच्या एका गॅरेजात जायची, तिथल्या मेकॅनिकला बोलवायचं आणि मोकळं व्हायचं. "घरी प्रयोग नकोत हं बाबा," मी म्हटलं. "एकदा उघडून ठेवलात आणि जमलं नाही तर वाट लागेल आपली."

खरं तर बाबा गिरणीत फिटर होते. माग अडला की खात्यातून पहिली हाक त्यांना जायची, असं आई सांगायची. पण गिरणी बंद पडली तसं त्यांनी काहीही उघडणं सोडलं. पंखा खडखडला तरी वर बघून नुसते पडून राहायचे. स्टोव्हला पिनसुद्धा आईच मारायची. हत्यारांची पेटी खाटेखाली गेली आणि तिच्यावर कांद्याची टोपली आली. गाडी चालवून आले की खाटेवर बसायचे आणि एका हाताचा अंगठा दुसऱ्या तळहातावर घासत राहायचे. मला ते बघवायचं नाही. राग यायचा, आणि तो नेमका कुणाचा हे कळत नसल्यामुळे जास्तच यायचा.

क्लच गेल्यावर रोज सकाळी ते गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचे, बराच वेळ वर बघत पडायचे आणि बाहेर येऊन फडक्याला हात पुसायचे. हात स्वच्छच असायचे. "माका जमात म्हणा," असं आज म्हणायचे आणि उद्या म्हणायचे, "माग वेगळो, गाडी वेगळी." आई मात्र माझ्या बाजूने होती. भाजी निवडताना, पाणी भरताना तिचा एकच धोशा: "त्या गॅरेजवाल्याक बोलवा. तुमका काय जमाचा नाय." मलाही तिचं हे शेवटचं वाक्य जरा टोचायचं.

शेवटी एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "कौल लावया."

मी उसळले. "देव आता गॅरेज चालवतो का?" पण आमच्या घरात कौलापुढे कुणाचं चालत नसे. गावी लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची असो, गुरव देवाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुंबईत गुरव कुठला आणायचा, म्हणून पाकळ्या लावायचं काम आईकडे आलं होतं.

देवघरातल्या पितळेच्या मूर्तीपुढे आम्ही तिघं बसलो. बाबांनी हात जोडून, मान खाली घालून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो क्लच माझ्या हातान होवचो आसात तर उजवी दी, मेकॅनिकाकडना होवचो आसात तर डावी दी."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. चिडलेली असूनही माझ्या तोंडून ते सवयीने निघालं.

आईने तगरीच्या दोन पाकळ्या वाटीतल्या पाण्यात बुडवल्या. डावी चांगली निथळती उचलून मूर्तीला चिकटवली. उजवी मात्र तिने हळूच पदरात दाबली, टिपली आणि मग नुसती टेकवून ठेवली. मी डोळे मिटले नव्हते, म्हणून मला दिसलं. कोरडी पाकळी कितीशी टिकणार! बाबांनी मान वर करेपर्यंत उजवी खाली आली होती.

बाबा उठले, कांद्याची टोपली बाजूला केली आणि खाटेखालून पेटी ओढली.

मी आईला मोरीपाशी गाठलं. "मी बघितलं, आई."

"बघितलंस तर गप ऱ्हव."

"मग इतके दिवस गॅरेज गॅरेज काय करत होतीस?"

"मीच करा म्हटलंय असतंय तर तेंका वाटला असता, बायल कीव करता." तिने पदर खोचला. "गाडयेची वाट लागली तर लागांदे. ह्येंका त्या खाटयेवरसून उठांदे."

मला तिचा संताप आला आणि त्याच क्षणी तिला मिठी मारावीशी वाटली. यातलं मी काहीच केलं नाही, भांडी घासायला घेतली.

आमच्या चाळीच्या विहिरीपाशी गाडी जॅकवर चढवून खाली लाकडी ओंडके लावले. शेजारच्या बाप्यांनी हात दिला तेव्हा गिअरबॉक्स खाली आला. झिजलेली जुनी प्लेट काढून बाबांनी नवी आणली. ती अगदी मध्यावर बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात जात नाही, आणि मध्य धरायला दांड्यासारखंच काहीतरी हवं होतं. आईने लाटणं आणून दिलं. आमचं घर भाकरी थापणारं, पोळ्या पाहुणे आले तरच. बाबांनी लाटणं तासून हवं तेवढं बारीक केलं. काम करताना ते गुणगुणत होते. बाबा गुणगुणायचे हे मी विसरलेच होते.

शाळा उघडायच्या आदल्या सकाळी सगळं जोडून झालं. चाळीतली माणसं गॅलरीत उभी. बाबांनी गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेले, तर असा कर्कश आवाज आला की पोरांनी कानावर हात ठेवले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गॅलरीतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. आता ते हात पुसतील आणि कायमचे खाटेवर जाऊन बसतील, असं मला वाटलं.

आई घरात गेली. मी मागोमाग गेले तर ती देवापुढे बसून दोन्ही पाकळ्या वाटीत बुडवत होती. "आता खराच इचारतंय," ती म्हणाली. मी गॅरेजला फोन करायला म्हणून बाहेर पडले.

बाबा गाडीखाली होते. फक्त पाय दिसत होते.

"बाबा, मेकॅनिकला बोलावते."

"प्लेट उलटी बसली. परत खोलूक व्हयी. तो मोठो पानो दी."

"आई परत कौल लावतेय."

"तिका लावूंदे." पाना घ्यायला त्यांचा काळा हात बाहेर आला. "पयलो कौल माका पुरो आसा."

मला राहवलं नाही. "बाबा, तो पहिला कौल..."

"ठावक आसा. गावच्या देवळात लहानपणापासून बघतंय, ओली पाकळी इतक्या बेगीन पडणा नाय." त्यांनी एक बोल्ट सोडवून बाहेर सरकवला. "देवान दिल्यान असती तर आज मी सोडून दिलंय असतंय. ती तुझ्या आवशीन दिल्यान. तिका सांगा नको."

मी तिथेच गोणपाटावर बसले आणि मागतील ते हत्यार देत राहिले. दिवे लागायच्या वेळी बाबांनी पुन्हा क्लच दाबला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. गाडी विहिरीला वळसा घालून आली तेव्हा आई दारात उभी होती, पदराने डोळे टिपत.

रात्री तिने बाबांना मासळीची मोठी तुकडी वाढली आणि ऐटीत म्हणाली, "बघितलास? देवान उजवी दिलली ती काय उगाच?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताटावरून मान वर केली, तिच्याकडे बघत राहिले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा."