ढोलातली बाळंतीण

अगोसू जन्मालाच उलटा आला, पाय आधी. आमच्या वीदा गावात अशा पोराचं नाव अगोसूच ठेवतात. मागून आलेलं डोकं कायमचं मागेच राहिलं, असं त्याची बायको सेनामी म्हणते. पण ढोल वाजवावा तर त्यानंच! यंदा कुळाच्या सणात पहिल्या ढोलाचा मान त्याला की गल्लीतल्या दुसऱ्या ढोलवाल्याला, लोकोला, यावर गल्लीत दोन तट पडले होते. अगोसूला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

तो पडवीतून ढोल आणायला गेला आणि हात हलवत परत आला. आडव्या ढोलात अजगरीण वेटोळं घालून अंड्यांवर बसली होती.

"रानात वारुळं काय कमी होती? उंदरांची बिळं ओस पडलीत!"

"हळू बोल मेल्या, बाळंतीण आहे ती," सेनामी म्हणाली. "ढोल पामफळांच्या ओल्या चोथ्यात आडवा कुणी टाकला? ऊब, ओल, अंधार. मीसुद्धा तिथंच बाळंत झाले असते."

अजगर म्हणजे आमचं दैवत; एरवी घरात आला तर पुजारी उचलून देवळात नेतो. म्हातारे पुजारी दाह आले, वाकून बघितलं, जमिनीला डोकं टेकलं. "अंड्यांवरून उठवायचं नाही. पिल्लं निघेपर्यंत इथं आवाज बंद."

आवाज बंद, आणि अगोसूच्या घरात! शिंक आली की बिचारा चौकात पळायचा. बायका आंबवलेल्या मक्याचा अकासा नि तळलेली मासळी घेऊन दर्शनाला येत. अजगरीण काही खाईना, म्हणून सेनामी खायची. लोको मुद्दाम येऊन कुजबुजला, "अभिनंदन, आजोबा!" अगोसूला शिवीसुद्धा कुजबुजत द्यावी लागली. मला खरंच त्याची दया आली.

सणाच्या आठवडाभर आधी दाहांनी जाहीर केलं, "तिनं ज्याचा ढोल निवडला, मान त्याचा."

अगोसू आनंदानं रडला. मग ढोल नाही हे आठवून पुन्हा रडला.

सणाला देवळापुढं दाह म्हणाले, "लोको, तुझा ढोल दे याला."

लोकोनं मान खाली घातली. "सादळलाय. चोथ्यात आडवा ठेवला होता. म्हटलं, एखादी आमच्याकडेही येईल."

"आणि बाकीचे?"

बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. गल्लीतला एकही ढोल धड वाजेना. नुसतं ढप!

शेवटी सेनामीनं कपडे धुवायचं घमेलं आणून नवऱ्यापुढं आदळलं. अगोसूनं ते असं बडवलं की दाहसुद्धा नाचले.

घरी आल्यावर तिनं आधी घमेलं भिंतीवर टांगलं. "यात कुणी बाळंत व्हायचं नाही," ती पडवीकडे बघून म्हणाली. कुजबुजतच.