बाईंचा क्वार्टर

बाळांनो, तुम्हाला शाळेत अपूर्णांक सुरू झाल्याचं आईच्या पत्रात वाचलं. आजीने ते कसे शिकवले असते, असं तुम्ही विचारलंत. मी शिकवले आहेत, तेही इंग्रजीत. पण ते सांगायचं तर एक गोष्ट टाळता येत नाही. ती मी तुमच्या आजोबांनाही सांगितली नव्हती.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हैदराबादला शिकलेली, इंग्रजी येणारी सून म्हणून जालन्यातल्या मुलींच्या शाळेत मला बोलावणं आलं. मुली दहा-दहा वर्षांच्या. पावकी, निमकी, पाऊणकी त्यांना तोंडपाठ होती, पण हाफ आणि क्वार्टर म्हटलं की चेहरे कोरे. मग मी भाकरी वर्गात आणली. शनिवारी सकाळच्या शाळेत एका मुलीने घरून ज्वारीची भाकरी आणायची, मी ती सर्वांसमोर मोडायची. मोडताना मुली हाफ, क्वार्टर, थ्री क्वार्टर्स असं म्हणायच्या. चार तुकड्यांपैकी एक आणणारीचा, दोन बरोबर उत्तर देणाऱ्यांचे आणि शेवटचा बाईंचा. नियम माझाच. हजेरीच्या क्रमाने पाळ्यांची यादी करून मी भिंतीला लावली होती. हाफ आणि क्वार्टर महिन्याभरात पक्के झाले.

यादीत पुढे वेशीबाहेरच्या वस्तीतल्या मुलीचं नाव आलं. ती दाराजवळ वेगळ्या गोणपाटावर बसायची. तिला तिथे मी बसवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. तिथून उठवलंही नव्हतं. त्या शनिवारी ती धुतलेल्या फडक्यात भाकरी बांधून सर्वांच्या आधी आली होती. मी टेबलाशी गेले, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हणाली,

"बाई, आज क्वार्टर तुमाला खावा लागल."

मुली हसल्या. पालक मुलींना काढून घेतील, अशी भीती मला वाटली, असं पुढे कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत आले. ते खरं नाही. मला फक्त तो चौथा तुकडा दिसला, आणि तो माझ्याच्याने तोंडात घालवणार नाही हे कळलं. वर्गात सगळ्या सारख्या, असं आदल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं.

"आज कागदावर करू," मी म्हणाले, आणि वहीचं पान फाडून घडी घातली.

ती तासभर फडकं मांडीवर धरून बसली. प्रश्न विचारले तेव्हा तिने हात वर केला नाही. शाळा सुटल्यावर भाकरी तशीच घरी घेऊन गेली.

आठवडाभर मला चैन पडेना. शुक्रवारी तिला थांबवून सांगितलं, की तुझी पाळी राहिली आहे, उद्या भाकरी आण. या वेळी खायची, असं मी ठरवलं होतं. खाल्ली असती की नाही, आज सांगता येत नाही.

शनिवारी तिने माझ्या टेबलावर वर्तमानपत्राचा एक गोल ठेवला. ताटली उलटी ठेवून काळजीपूर्वक कापलेला होता.

"भाकरी?" मी विचारलं.

"आईनं न्हाई दिली. म्हन्ली, बाईला कागदाची चालती."

आवाजात टोमणा नव्हता. आईचा निरोप होता, तो तिने पोचवला. मी कागदाच्या घड्या घालत गेले आणि ती उत्तरं देत गेली. थ्री क्वार्टर्सला बाकीच्या अजून अडखळत, ती अडखळली नाही. मी व्हेरी गुड म्हणाले. यादीत तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.

तिच्या आईला मी कधीच भेटले नाही. वस्ती शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होती.