चार मात्रांचा विराम

माझा मामा कंडक्टर आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, कुठल्या बसवर? लहानपणी मी चिडायचे. आता सांगते, ऑपेराच्या. तिकीट काढा आणि गप्प बसा.

सुरुवातीला तो शाळेच्या हॉलमध्ये हौशी गायकांच्या सरावाला पियानो वाजवायचा. मग ऑपेराघरात नोकरी लागली, ती पडद्यामागे. कथेत लांबून प्रार्थना ऐकू यायची असेल तर कोरस पडद्यामागे उभा करतात. तिथून त्यांना मंचापुढचा कंडक्टर दिसत नाही. म्हणून मामा शिडीवर चढायचा, रंगवलेल्या भिंतीच्या भोकाला डोळा लावायचा आणि पुढच्याचा हात बघून मागच्यांना हात, म्हणजे गायची खूण, द्यायचा. यात गोम अशी, की कानावर विसंबायचं नाही. मागून आवाज पुढे पोचायला वेळ लागतो, तेव्हा ऐकून हात दिला की मेलात. किंचित आधीच द्यावा लागतो. बारा वर्षं त्यानं हे केलं. मामी म्हणायची, "आमचे हे ऑपेरात असतात खरे, पण भोकातून."

मामाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मुख्य कंडक्टर अंथरुणाला खिळला आणि कंडक्टरची छडी मामाच्या हातात आली. त्याला सतरा वर्षं झाली. तीन-तीन तासांचे ऑपेरे तो स्वरलिपीची वही न उघडता चालवायचा. याचा त्याला अभिमान होता. खरं सांगायचं तर माज होता. "वहीत डोकं खुपसलं तर गाणाऱ्यांच्या तोंडाकडे कोण बघणार?" असं दुसऱ्या कंडक्टरांना तोंडावर ऐकवायचा. मी कोरसमध्ये लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, "दाराच्या आत मी तुझा मामा नाही." नव्हताच. माझा एक सूर उतरला तर सगळ्यांदेखत माझी बिनपाण्यानं करायचा.

यंदाच्या ऑपेराच्या शेवटच्या अंकात एक जागा आहे. सगळी वाद्यं एकदम थांबतात. चार मात्रा काहीच नाही. पाचव्या मात्रेला आम्ही सत्तर जणांनी वाद्यांच्या आधाराशिवाय सूर लावायचा. त्यासाठी चौथ्या मात्रेला मामा श्वास घेतो, त्याचा हात वर जातो आणि आम्ही त्याच्याबरोबर श्वास घेतो. एका सरावात तो हात वर गेलाच नाही. छडी होती तिथेच राहिली. मामा आमच्याकडे बघत होता, पण आम्ही कोण हे त्याला ठाऊक नसावं. मग तो हसला, "जरा पाणी द्या रे," म्हणाला. बाकीच्यांना वाटलं दमला असेल. मला मात्र तसं वाटलं नाही. आठवड्यापूर्वीच मामीनं सांगितलं होतं, की तो स्वतःच्याच जिन्यात अर्धा तास उभा होता. आपला मजला कुठला ते आठवेना.

त्या दिवशी त्यानं मला वाद्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मधला वेळ पुसलाच जातो गं. झालं तरी मला कळत नाही, त्याचीच भीती वाटते."

"मग वही ठेव ना समोर."

"ठेवून बघितली. कुठल्या पानावर आहे तेच सापडेना." तो खुर्चीत बसला. "पुन्हा झालं तर तू मला सांगायचं. खरं सांगायचं. त्या दिवशी मी छडी खाली ठेवणार. सत्तर माणसांना तोंडघशी पाडण्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

मी कबूल केलं. त्यानंतर सात प्रयोग सुरळीत झाले, पण सातही वेळा त्या जागी मी मनात मात्रा मोजत होते.

आठवा प्रयोग रविवारी दुपारचा होता. वाद्यं थांबली. एक, दोन, तीन, चार. हात वर गेला नाही. पाच. मामाचे डोळे उघडे होते आणि त्यांत ओळख नव्हती. सहा. शेजारणीनं माझं मनगट घट्ट धरलं. कंडक्टरच्या आधी तोंड उघडणं हा कोरसमध्ये गुन्हा असतो. छत कोसळलं असतं तरी आम्ही तसेच उभे राहिलो असतो. प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं. सात. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती, आणि ती प्रयोगासाठी नव्हती, मामासाठी होती. मी खांदे उचलून, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला. बाकीच्यांनी माझ्याबरोबर घेतला, मागची रांग किंचित मागे राहिली, पण सूर लागला. मामाचा हात आमच्यानंतर हलला. पुढचं सगळं त्यानं नेहमीसारखं चालवलं.

प्रयोग संपल्यावर व्यवस्थापक त्याच्या खोलीत धावत आले. "काय थांबलात हो! असली शांतता मी उभ्या जन्मात ऐकली नाही." पुढच्या तीन वर्षांचा करार टेबलावर ठेवून ते गेले. मामा आरशासमोर कॉलर सोडवत होता. बटण निघत नव्हतं, म्हणून मी पुढे झाले.

"सांग," तो म्हणाला. "किती मात्रा झाल्या?"

त्याची मान माझ्या बोटांना लागत होती, घामानं गार पडलेली. खरं सांगितलं असतं तर तो उद्यापासून मामीच्या स्वयंपाकघरात नुसता बसून राहिला असता.

"चारच."

"नक्की?"

"नक्की, मामा."

आरशातून त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं करार पुढे ओढला आणि सही केली.

"पुढच्या ऑपेराला तू पहिल्या रांगेत मधोमध उभी राहा. बरोबर माझ्यासमोर."

"का?"

"श्वास जरा आणखी मोठा घेत जा," तो म्हणाला. "मागच्या रांगेला आज उशिरा कळलं."