मेडिकलच्या आदल्या संध्याकाळचं तेल

लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवरून सफदरजंगची धावपट्टी दिसायची नाही, पण तिथल्या फ्लाइंग क्लबची छोटी विमानं आमच्या पापडांवरून जायची. आई वाळवण घालता घालता वर न बघताच म्हणायची, "आलं मेलं!" मी मात्र हातातलं काम टाकून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायची. एवढ्यावरून बाबांनी ठरवून टाकलं की मुलीला पायलट व्हायचं आहे.

ते दिवसच तसे होते. खासगी विमान कंपन्या नुकत्या निघाल्या होत्या आणि रविवारच्या इंग्रजी पेपरात पायलट हवेत म्हणून मोठमोठ्या जाहिराती यायच्या. बाबा मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. त्यांच्या साहेबांचा भाचा पायलट झाला आणि त्याने गुडगावला फ्लॅट घेतला, ही बातमी आमच्या घरी जेवताना रोज नव्याने सांगितली जाई. मग बाबा बोटांवर मोजत म्हणायचे, "बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं, ते आहे. वय बसतं. चष्मा नाही. मेडिकल काय, बिल्कुल होऊन जाईल. राहिलं काय?"

राहिले होते पैसे. विमान शिकायचं म्हणजे तासांवर पैसे मोजायचे, आणि लायसन्सला तास लागायचे शेकड्यांनी. बाबांची आयुष्यभराची बचत एकाच ठिकाणी होती, मयूर विहारच्या एका सोसायटीत. तिथला आमचा फ्लॅट जवळजवळ तयार झाला होता. सदस्यत्व सोडलं तर भरलेले पैसे परत मिळणार होते. आईला त्या घरातली स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला येणार तेसुद्धा पाठ होतं. पण ती या विषयावर काही बोलत नसे, आणि आई बोलत नाही म्हणजे तिचं मत नाही, असा आमच्या घरात सोयीस्कर समज होता.

मीही तेव्हा हरभऱ्याच्या झाडावर चढलेलीच होते. बारावीचा निकाल लागला आणि बाबांनी क्लबात माझी एक चाचणीची फेरी ठरवली. शेजारी बसणारे प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, गमत्या स्वभावाचे. वर गेल्यावर ते म्हणाले, "लो, ज़रा पकड़ के देखो." मी विमान वळवायचा दांडा पकडला. विमान डावीकडे कललं. खाली आमची कॉलनी, पिवळी क्वार्टर्स, पाण्याच्या टाक्या, सगळं तिरकं झालं, आणि माझे हात आवळले गेले.

"छोड़ो," ते म्हणाले. मग ओरडले, "छोड़ो! हाथ छोड़ो!"

मला ऐकू येत होतं. समजत होतं. मला सोडायचंही होतं. हात सुटत नव्हते. विमानाचं नाक खाली जायला लागलं, इंजिनाचा आवाज बदलला, आणि ते हात माझे नसल्यासारखी मी त्यांच्याकडे बघत बसले. त्यांनी माझ्या मनगटावर जोरात फटका मारला तेव्हा कुठे बोटं उघडली. खाली उतरल्यावर ते हसून म्हणाले, "होता है, बेटा. पहली बार में होता है." कुंपणापलीकडून बाबा जवळजवळ पळत आले.

"कसं वाटलं?"

सोलापूरहून दिल्लीला बाबा रेल्वेने आले होते, आणि त्यानंतरही कुठे गेले तर रेल्वेनेच. विमानात त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. त्यांचा तो चेहरा बघून दुसरं काही बोलणं मला जमलं नाही.

"मस्त," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी घाबरलेलीच राहिले. उंचीची भीती नव्हती. गच्चीच्या कठड्यावर मी खुशाल बसायची. मला भीती होती माझ्या हातांची. उद्या शेजारी फटका मारायला कोणी नसेल तेव्हा काय? मागे माणसं बसलेली असतील तेव्हा काय? पोळी लाटताना, बसचा दांडा धरताना मी मुद्दाम बोटं उघडून बघायची. वरून विमान गेलं की आता मान वर करवत नसे.

बाबा कुठलंही काम चौकशी पूर्ण केल्याशिवाय करत नसत. म्हणून एकदा ते मला नोएडाला एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची एक संस्था दाखवायला घेऊन गेले. यमुनेपलीकडे तेव्हा सेक्टरला नंबर होते, घरं कमी होती आणि मध्येमध्ये मोहरीची शेतं होती. संस्थेच्या इमारतीच्या डोक्यावर लोखंडी सळया अजून तशाच उभ्या होत्या. अंगणात एक जुनं विमान, पंख काढलेलं, इंजिनावरचं झाकण उघडं. तिथल्या शिक्षकांनी हात लावून बघायला सांगितलं. मी आत हात घातला. थंड नळ्या, तारा, तेलाचा वास. एक नळी धरली, सोडली, दुसरी धरली. हात माझं ऐकत होते. ही नळी कुठे जाते, ती तुंबली तर काय होतं, असं मी विचारत सुटले. शेवटी बाबांनीच घड्याळ दाखवलं.

इथेही बारावीचं सायन्सच लागत होतं आणि फी फ्लाइंगच्या मानाने काहीच नव्हती. पण परतीच्या बसमध्ये बाबा म्हणाले, "हे मेकॅनिकचं काम. आपल्याला विमान उडवायचंय, पुसायचं नाही."

मग मेडिकलची तारीख आली. आदल्या संध्याकाळी आईने मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल चोळलं, आणि डोकं शांत राहावं म्हणून कोमट तेलाचे थेंब दोन्ही कानांत सोडले. परीक्षा असो, प्रवास असो, आमच्याकडे हे व्हायचंच. कोणाच्या मनातही काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे झाले, छाती झाली, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचून झाले. मी सगळ्यात पास होत चालले होते आणि प्रत्येक खोलीगणिक माझे पाय गार पडत चालले होते. शेवटी कानाचे डॉक्टर. नाक दाबून, तोंड मिटून आतल्या आत फुंकायला सांगितलं. पडदा हलतो का, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी बॅटरी लावली, वाकले, आणि मागे सरले.

"ये क्या है? तेल?"

"मम्मी ने डाला, सर."

"मम्मी को बोलो पराठे पे डाला करें. पर्दा दिख ही नहीं रहा. कान साफ़ करवाके अगले महीने आओ."

तोपर्यंत मी तात्पुरती अनफिट. बाहेर कॉरिडॉरमध्ये आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि मग कळलं की हा आनंद आहे. नापास झाल्याचा आनंद. त्याने मी आणखीच घाबरले. कारण बाबा बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली डबा घेऊन बसले होते.

घरी आल्यावर बाबा आईला चिडवत राहिले. "अच्छा, तर तुझ्या वाटीभर तेलाने विमान अडवलं!" आईही हसली. महिना भराभर गेला. कान साफ झाले. सोसायटी सोडण्याचा अर्ज टाइप होऊन टीव्हीवर येऊन बसला. मेडिकल झालं की दुसऱ्या दिवशी बाबा तो देणार होते. मी त्यावरून धूळ पुसायची आणि शब्द काढायची नाही. सांगितलं तर त्यांचं तोंड कसं होईल, आणि नाही सांगितलं तर वर काय होईल, या दोन्हींमध्ये माझा जीव अर्धा झाला होता.

पुन्हा आदली संध्याकाळ आली. दिवे नुकतेच लागले होते. बाबा बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून माझे बूट पॉलिश करत होते. मी स्वयंपाकघरात गेले तर आई गॅसपाशी उभी, आणि गॅसवर तेलाची वाटी.

"आई, अगं, डॉक्टर काय म्हणाले होते विसरलीस?"

"विसरले नाही." तिने गॅस बारीक केला. "विमानात बसून आलीस तेव्हापासून झोपेत तुझ्या मुठी आवळलेल्या असतात. रोज मी उघडते. नखं रुततात तुझ्या तळव्यांत."

मी विचारलं, "मागच्या वेळी मुद्दाम घातलं होतंस?"

"नाही गं. मागच्या वेळी तू शांत व्हावीस म्हणून." तिने वाटी फडक्यात धरून खाली घेतली. "हे बघ, ते बाहेर बसलेत. त्यांना सांगायचं असेल तर जा. नाहीतर तेल कोमट आहे."

ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मला एकदम त्या वाटीचीच भीती वाटली. आज तेल, पुढच्या महिन्यात आणखी काही, आणि बाबा प्रत्येक वेळी बाहेर डबा घेऊन बसलेले.

"नको," मी म्हणाले आणि बाल्कनीत गेले.

"बाबा, मला नाही जायचं. मला भीती वाटते."

त्यांचा ब्रश थांबला नाही. "कशाची?"

"माझ्या हातांची." मग मी सगळं सांगितलं. कॉलनी तिरकी झालेली, नाक खाली गेलेलं, मनगटावरचा फटका. ब्रश कधीतरी थांबला होता. काळ्या पॉलिशने भरलेल्या बोटांनी बाबांनी माझे दोन्ही हात धरले आणि उलटसुलट करून तळवे बघितले. तिथे नखांच्या खुणा होत्या.

"तू मस्त म्हणाली होतीस," ते हळूच म्हणाले.

"हो."

त्यांनी माझे हात सोडले आणि दुसरा बूट उचलला. तो चकचकीत झाला तरी ते ब्रश मारतच राहिले. मी तिथेच उभी होते. माझ्या मनगटांवर त्यांच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. किती तरी वेळाने त्यांनी दोन्ही बूट जोडीने भिंतीशी ठेवले आणि घसा खाकरला.

"उद्या नोएडाला जाऊ," बाबा म्हणाले. "बूट झालेच आहेत."